‘अवांतर’ वाचनाचा हिशेब

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी अकराच्या सुमारास शिरलं, तर बहुतेक ठिकाणी सारखंच चित्र दिसतं. तळमजल्यावर वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि त्याभोवती चष्मे सावरत बसलेली निवृत्त मंडळी. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिथे एकही खुर्ची रिकामी नाही. फळ्या ठोकून पाडलेल्या कप्प्यांत विशी-पंचविशीतली मुलंमुली मान खाली घालून बसलेली; समोर पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर, चालू घडामोडींचं मासिक, राज्यव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक. जिन्याजवळच्या खोलीत लोखंडी कपाटं. त्यांत कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं. कपाटांना कुलूप. किल्ली ग्रंथपालांकडे, आणि ग्रंथपाल येणार दुपारी चारनंतर.

इमारत वाचनाची, गर्दीही वाचणाऱ्यांचीच. तरी जिला आपण वाचनाची आवड म्हणतो ती कपाटात कोंडलेली. मराठी घरांत आणि शाळांत या कपाटातल्या पुस्तकांसाठी एक शब्द रुळला आहे: अवांतर. म्हणजे मुख्य विषय सोडून असलेलं, नसलं तरी चालेल असं. ‘आधी अभ्यास संपव, मग अवांतर वाच,’ हे वाक्य ऐकल्यावाचून आपल्याकडे फारसं कुणी मोठं झालेलं नाही. त्याच शाळेच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ असंही ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं. वाचनानं माणूस तरतो हे आपल्याला मान्य आहे. कोणत्या वाचनानं, हा प्रश्न मात्र आपण केव्हाच परीक्षेच्या बाजूनं निकालात काढला आहे.

तो प्रश्न पुन्हा उघडावा, म्हणून हा आढावा. आवडीपोटी केलेल्या वाचनाचा माणसाच्या घडणीशी आणि तो पुढे काय होऊ पाहतो त्याच्याशी नेमका संबंध काय? चरित्रं काय सांगतात, संशोधनाच्या हाती काय लागलं आहे, स्पर्धा परीक्षांच्या जगात काय चाललं आहे, आणि मुळात पुस्तक माणसापर्यंत पोचतं कसं?

दोन वाचक आणि बुद्धाचं चरित्र

सुरुवात गोव्यातल्या साकवाळपासून करू. १८७६ साली तिथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचं शालेय शिक्षण जेमतेम होतं. घरच्या नारळीच्या बागेवर देखरेख हे त्यांचं काम. विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी चालवलेल्या ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र होतं. लहान मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी या संसारी तरुणाच्या मनात असं घर केलं, की १८९९ च्या अखेरीस ते बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करत ते पाली शिकले, भिक्षू झाले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विशुद्धिमार्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणं आलं.

‘बालबोध’ वाचताना कोसंबींपुढे ‘पालीचा अभ्यासक’ हा पर्याय होता असं म्हणता येत नाही. त्यांच्या भोवतालच्या जगात असा व्यवसायच नव्हता. करिअरच्या आजच्या चर्चेत ध्येय आधी ठरतं आणि पुस्तकं मागाहून विकत आणली जातात. इथे पुस्तक आधी आलं आणि त्यानं ध्येय जन्माला घातलं. पुढचा प्रसंग त्याहून बोलका आहे. कलकत्ता विद्यापीठातली बरी प्राध्यापकी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावं म्हणून, कोसंबींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. पगाराचा आकडा खाली गेला, कामाची दिशा पक्की झाली. नफ्यातोट्याचा हा हिशेब कुठल्याही समुपदेशकाच्या तक्त्यात बसणारा नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट मुंबईतली. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर तिथे फिरायला येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. शाळेतल्या यशाबद्दल समाजानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. १८९८ साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक बडोदा संस्थानाच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेलं होतं. या भेटीची आठवण बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आवर्जून नोंदवली. मधल्या काळात अर्थशास्त्र, कायदा, राज्यघटना असं केवढं तरी काम होऊन गेलं होतं. शाळकरी वयात मिळालेल्या पुस्तकाचं पूर्ण फळ दिसलं ते १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना.

या गोष्टीला आणखी दोन बाजू आहेत. एक घरची. मुलाला पुस्तक हवं असलं आणि जवळ पैसा नसला, की रामजी सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. दुसरी बाजू बाहेरची. केळुसकरांनीच भीमरावांना सयाजीरावांपर्यंत नेलं, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, पुढे १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात धाडण्यात आलं. न्यूयॉर्कला जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी दोनेक हजार पुस्तकं जमवल्याचं चरित्रकार धनंजय कीर लिहितात. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवूनच.

या यादीत आणखी नावं घालता येतील. जोतीराव फुल्यांचं शिक्षण वडिलांनी मध्येच थांबवलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी रदबदली केली म्हणून ते पुन्हा शाळेत गेले. १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की वाचन आणि कृती यांत कधीकधी किती कमी अंतर असतं ते दिसतं.

बायकांच्या वाटेला हे वाचन अधिक महागात पडलं. रमाबाई रानडे १८७३ मध्ये सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पती न्यायमूर्ती रानडे यांनी शिकवायला घेतलं, आणि घरातल्या बायकांचे टोमणे पोटात घालत त्या शिकल्या. त्या अपमानांच्या आठवणी त्यांनी पुढे पुस्तकात लिहून ठेवल्या. त्यांनी पुढे चालवलेल्या पुण्याच्या सेवासदनातून ज्या असंख्य स्त्रिया शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, त्यांच्या पगाराच्या मुळाशी त्या टोमण्यांखाली गिरवलेली अक्षरं आहेत. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या किराणा दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत. लिहिलेल्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांच्या नजरेआड ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ त्या वह्यांतून आलं.

या चरित्रांतून एक सूत्र हाती लागतं. वाचणाऱ्याची ओढ प्रत्येक ठिकाणी आहेच, पण पुस्तक, वेळ किंवा अक्षर हातात ठेवणारं दुसरं कुणीतरीही बहुतेक ठिकाणी आहे. मासिक काढणारे ओक, बागेत विचारपूस करणारे केळुसकर, दागिना देणारी बहीण, रदबदली करणारे मुन्शी. बेबीताईंच्या वाट्याला तो हात आला नाही, म्हणून त्यांना रद्दीवर भागवावं लागलं आणि वह्या लपवाव्या लागल्या.

चरित्रांवर किती भिस्त ठेवावी?

इथे एक शंका रास्त आहे. चरित्रं यशस्वी माणसांची लिहिली जातात. वाचूनही जिथल्या तिथे राहिलेल्यांची यादी कुणी करत नाही. शिवाय न वाचताही मोठी झालेली माणसं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी कवितेतली त्यांची जागा त्यामुळे रतीभरही कमी होत नाही. उलट बाजूनं ‘पढतमूर्ख’ हा शब्दही आपल्याच भाषेनं घडवला. रामदासांनी दासबोधात मूर्खाच्या लक्षणांबरोबर पढतमूर्खाची लक्षणं वेगळी मांडली, ती उगाच नाहीत. म्हणून चरित्रांच्या पलीकडे, शेकडो-हजारो सामान्य वाचकांची मोजदाद काय सांगते ते पाहिलं पाहिजे.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या सुझान मोल आणि अ‍ॅड्रियाना बस यांनी २०११ मध्ये ९९ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. फावल्या वेळात पुस्तकं वाचण्याचा आणि भाषेच्या जाणकारीचा संबंध त्यांनी वयोगटांनुसार मोजला. शाळापूर्व वयात मुलामुलांतल्या भाषिक फरकाचा साधारण १२ टक्के भाग पुस्तकांच्या सहवासाशी जोडता येत होता. प्राथमिक शाळेत १३, त्यापुढच्या इयत्तांत १९, माध्यमिक शाळेच्या अखेरीस ३०, आणि महाविद्यालयात ३४ टक्के. वय वाढतं तसा वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्यातला फरक रुंदावत जातो. चक्रवाढ व्याजासारखं हे आहे: ज्याला वाचता येतं तो वाचतो, वाचतो म्हणून त्याला अधिक चांगलं वाचता येतं, म्हणून तो आणखी वाचतो.

पण यात आधी काय आणि नंतर काय? सुखवस्तू, शिकलेल्या घरांत पुस्तकंही असतात आणि संधीही असते. मग श्रेय पुस्तकाला द्यायचं की घराला? या गाठीवर जुळ्यांच्या अभ्यासांनी थोडा उजेड टाकला. ब्रिटनमध्ये १८९० एकसारख्या जुळ्या जोड्यांचा सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. घर एक, आईबाप एक, जनुकं एक. तरी ज्या भावंडाला लहानपणी अधिक चांगलं वाचता येत होतं, ते पुढे बुद्धिमापन चाचण्यांतही थोडं सरस ठरलं, आणि तेही शब्दांशी संबंध नसलेल्या चाचण्यांत. म्हणजे वाचनाला स्वतःचं असं काही बळ आहे. दुसरीकडे नेदरलँड्समधल्या अकरा हजारांहून अधिक जुळ्यांवरच्या २०१८ च्या अभ्यासानं असं दाखवलं, की सात-आठ वर्षांच्या वयात वाचण्याची क्षमता आवडीला जन्म देते. नुसत्या आवडीनं क्षमता वाढल्याचं त्या वयात दिसत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ‘वाचनाची गोडी लाव’ म्हणून भागत नाही. आधी त्याचं अडखळणं थांबवावं लागतं.

आपल्याकडे हा मुद्दा कळीचा आहे. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या फक्त ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. निम्म्याहून अधिक मुलं आवड-नावड ठरवण्याच्या उंबरठ्यापर्यंतच पोचलेली नाहीत. वाचनसंस्कृतीवरच्या आपल्या परिसंवादांत ही मुलं सहसा नसतात.

कमाईचा प्रश्नही अभ्यासकांनी सोडलेला नाही. १९२० ते १९५६ या काळात जन्मलेल्या, नऊ युरोपीय देशांतल्या पुरुषांच्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञ ज्योर्जिओ ब्रुनेल्लो आणि सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. सक्तीच्या शिक्षणाची वर्षं वाढवल्यामुळे आयुष्यभराच्या कमाईत किती भर पडली? दहाव्या वर्षी ज्यांच्या घरात शाळेबाहेरची जेमतेम दहाच्या आतबाहेर पुस्तकं होती, त्यांच्यासाठी एका वाढीव वर्षाचं मोल ५ टक्के. ज्यांच्या घरात त्याहून अधिक होती त्यांच्यासाठी २१ टक्के. शाळा तीच, वर्ष तेच. घरातल्या फळीवर अवांतर पुस्तकं होती त्या मुलाला त्या वर्षातून चौपट मिळालं. अवांतराला इतका रोकडा पुरावा क्वचित मिळतो. अर्थात फळी स्वतः काही करत नाही. फळी असलेल्या घरात बोलणं, ओळखीपाळखी, शहरापर्यंतची वाटही असू शकते, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा.

काही दावे मात्र जपून घ्यावेत. कसदार कथा-कादंबरी वाचल्यावर समोरच्याचं मन ओळखण्याची ताकद लगोलग वाढते, असा निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये आला आणि जगभर गाजला. तोच प्रयोग नंतर वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा २०१६ मध्ये तो परिणाम सापडला नाही. एक कथा वाचून माणूस सहृदय होत नाही, हे कोणताही मुरलेला वाचक आधीच सांगू शकला असता. वाचनाचं काम लोणच्यासारखं आहे. मुरायला वेळ लागतो, आणि बरणी रोज उघडून पाहिली तर बिघडतं.

परीक्षेचं वाचन

आता पुन्हा त्या अभ्यासिकेत जाऊ. पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, आणि आता प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी हजारो तरुण दिवसाचे दहा-बारा तास वाचत असतात. एवढं सलग वाचन महाराष्ट्रात दुसरं कुणी करत नसेल. पण या वाचनाची रीत वेगळी आहे. पुस्तक संपवायचं असतं, ‘रिव्हिजन’ मोजायची असते, ओळी रंगवायच्या असतात, आणि जे विचारलं जाणार नाही ते वगळायचं असतं. कादंबरी हातात दिसली तर शेजारचा विचारतो, ‘काय रे, अटेम्प्ट सोडला का?’

यामागची भीती खोटी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शिफारस झाली १०१६ जणांची. हजारात एक. घरी बापानं कर्ज काढलेलं, मेसचं बिल थकलेलं, वय सरत चाललेलं. अशा मुलाला ‘जरा चौफेर वाच’ म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून ते ऐकणं अवघड आहे.

तरी खुद्द परीक्षाच आता वेगळं काही मागू लागली आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला. तोवर मुख्यतः पर्याय निवडून गोळे रंगवण्याची सवय झालेले उमेदवार फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात रस्त्यावर उतरले, आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. नव्या पद्धतीत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २५० गुणांची आहे. रस्त्यावरच्या त्या रोषात तयारीच्या वेळेचा प्रश्न होता, तसा भाषेचाही होता. चार पर्यायांतून एक ओळखणारं वाचन आणि कोऱ्या कागदावर स्वतःचं म्हणणं मांडायला लावणारं वाचन यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचं वाचन सहा महिन्यांच्या क्लासमध्ये मिळत नाही. ते शाळेत असताना, अवांतर म्हणून, कपाटातून मिळायला हवं होतं.

उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचा प्रश्न याहून मोठा आहे. परीक्षेसाठीच वाचलेल्या माणसाजवळ परीक्षा हुकल्यावर काय उरतं? अनेकांशी बोलताना जाणवतं, की ‘प्लॅन बी’ सुचत नाही याचं कारण हुशारीची कमतरता नसतं. जगात कोणकोणती कामं असतात, माणसं कशाकशात रमतात, हे दाखवणारं काही डोळ्यांखालून गेलेलंच नसतं. गावात दिसलेले व्यवसाय चार: मास्तर, डॉक्टर, फौजदार, तहसीलदार. पाचवा व्यवसाय पुस्तकात भेटतो.

नोकरी लागल्यावरही वाचन काय करू शकतं, याचा दाखला मारुती चितमपल्लींचा. पेशानं वनाधिकारी. वनखात्यात जंगल राखणारे अधिकारी पुष्कळ झाले. चितमपल्लींनी नोकरी सांभाळून संस्कृतचा अभ्यास केला, जुन्या ग्रंथांतले पशुपक्ष्यांचे उल्लेख धुंडाळले, आदिवासींच्या बोलीतली नावं टिपली, पक्षिकोश रचला. २००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. खुर्ची सरकारी होती. तिचं काम किती मोठं करायचं ते त्यांच्या वाचनानं ठरवलं.

यशाचं कपाट

पुस्तकांच्या दुकानांत सध्या एक कपाट मात्र कधी कुलूपबंद नसतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, एसटी स्थानकावरच्या स्टॉलवर, रेल्वेच्या फलाटावर ते दर्शनी असतं: सवयी बदला, श्रीमंत व्हा, पहाटे उठा, मनावर विजय मिळवा. यातली बरीचशी इंग्रजीतून आलेली. मराठी प्रकाशन व्यवसायाला या कपाटानं मोठा आधार दिला आहे, आणि पहिल्यांदा पुस्तक विकत घेणारा तरुण बहुधा इथूनच सुरुवात करतो. नाक मुरडण्याचं कारण नाही.

तक्रार आहे ती एवढीच, की ही पुस्तकं ध्येय गृहीत धरून चालतात. कसं पोचायचं ते सांगतात. कुठे जायचं हे वाचकाला आधीच ठाऊक आहे असं समजतात. चरित्र-आत्मचरित्रांची गोष्ट याच्या उलट. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेलं अब्दुल कलामांचं ‘अग्निपंख’ किंवा विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ अनेक तरुण प्रेरणेसाठी वाचतात, पण त्यात माणूस, गाव, अपयश, शिक्षक, उपासमार असं सगळं भेटतं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीनं वाचकांपुढे आणलं, त्यात यशाची एकही युक्ती सांगितलेली नाही. तरी ते वाचून आपल्या जगण्याबद्दल लिहिता येतं, एवढा धीर किती जणांना आला याची मोजदाद नाही. पहिलं कपाट धावायला शिकवतं. दुसरं, आपण कशासाठी धावतोय हे विचारायला लावतं. दोन्ही चाळावीत, पहिल्यावरच थांबू नये.

पडद्यावरच्या वाचनाबद्दल थोडक्यात. स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले; वाचक होते १ लाख ७० हजारांवर. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचं बंधन असलं की फरक आणखी वाढतो. गोष्टी वाचताना मात्र कागद आणि पडदा यांत तसा फरक आढळला नाही. म्हणजे मोबाईलवर कादंबरी वाचणाऱ्या मुलीला ओरडणारे आणि त्याच मोबाईलवर पीडीएफ नोट्स वाचणाऱ्या मुलाला शाबासकी देणारे पालक नेमकी उलटी काळजी करत आहेत.

पुस्तक हातात येतं कसं

कोसंबी, केळुसकर आणि आंबेडकर या तिघांच्या गोष्टींत एक नाव पुन्हा पुन्हा आलं: सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. उशिरा वाचायला शिकलेल्या या राजानं १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ग्रंथालयासाठी गावानं एक वाटा उचलायचा, प्रांतानं एक, आणि तेवढाच संस्थानानं. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. एका माणसाच्या आवडीला व्यवस्थेचं रूप मिळालं की काय होतं, याचं बडोद्याइतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

महाराष्ट्रात व्यवस्था नाही असं नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. गोव्यात पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं मूळ १८३२ पर्यंत जातं. १९६७ मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आज राज्यात अकरा हजारांच्या वर मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. पण त्यांतली बरीच ‘ड’ वर्गातली, म्हणजे एक-दोन खोल्यांची, आणि तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर अर्धवेळ काम करणारा. त्यानं केळुसकर व्हावं अशी अपेक्षा ठेवायची तर निदान तो तिथे दिवसभर बसू शकेल एवढं तरी त्याला मिळालं पाहिजे. ग्रंथालयाची श्रेणी ठरवताना पुस्तकं आणि सभासद मोजले जातात. कोणत्या मुलाच्या हातात कोणतं पुस्तक कुणी ठेवलं, याला रकाना नाही.

मधल्या काळात काही चांगले प्रयत्न झाले. सत्तरच्या दशकात ग्रंथालीनं वाचक चळवळ उभी केली आणि पुस्तक गावोगाव नेलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं; पुस्तकांच्या पेट्या महाराष्ट्रभर फिरल्या आणि दुबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांपर्यंतही गेल्या. स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जन्मदिनी, शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, फोटो निघतात, आणि अनेक शाळांत १६ ऑक्टोबरला कुलूप परत लागतं. एक दिवसाचा उत्सव करण्यापेक्षा आठवड्यातला एक तास वेळापत्रकात घालणं स्वस्त पडेल आणि टिकेल.

हिशेबाअंती

सगळं एकत्र ठेवलं तर निवाडा असा निघतो. वाचनाची आवड नोकरी मिळवून देते, असं कुणी सांगत असेल तर तो जाहिरात करतो आहे. आवडीनं केलेलं वाचन भाषा पक्की करतं, शाळेत मिळालेल्या शिक्षणाचं मोल वाढवतं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माणसाला हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींची यादी लांबवतं. यादीत काही नसेल तर चिकाटी आणि परिश्रम हजारात एक जागेच्या रांगेत उभे राहतात. या वाचनाचं फळ उशिरा येतं, कधी पन्नास वर्षांनी. म्हणून ते कोणत्याही वार्षिक अहवालात दिसत नाही. आणि ही आवड आपोआप उगवत नाही. आधी नीट वाचता यावं लागतं, मग पुस्तक हाताशी असावं लागतं, आणि बहुतेकदा ते हातात ठेवणारं कुणीतरी लागतं.

यातलं शेवटचं काम करायला ना पदवी लागते ना अनुदान. केळुसकरांकडे स्वतःच्या पुस्तकाची एक प्रत होती आणि बागेत बसलेल्या मुलाचं नाव विचारण्याइतकी आस्था होती. तुमच्या गावच्या वाचनालयात एकदा जाऊन या. त्या जिन्याजवळच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आणि ते उघडलंच, तर एक पुस्तक काढून वरच्या मजल्यावर घेऊन जा.